फक्त ‘खेळायला ये’ म्हणाले होते

“मावशी, त्याला दुखलं का?”

पुस्तक संपत आलं होतं. चमचमत्या खवल्यांच्या माशाने अंगावरचा सगळ्यात छोटा खवला काढून एका पिटुकल्या निळ्या माशाला दिला होता. मी पान उलटणार, तेवढ्यात भाचीने पानावर हात ठेवला. ती पाच वर्षांची आहे. त्या आठवड्यात तिच्या गुडघ्यावर खपली धरली होती. अंगाला चिकटलेली गोष्ट ओढून काढली की काय होतं, हे तिला माझ्यापेक्षा ताजं माहीत होतं.

“नाही गं, गोष्टीत नाही दुखत,” मी म्हणाले.

थाप ओळखल्यावर लहान मुलं जशी बघतात तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात काढला. आम्ही पुस्तक संपवलं, मासा सुखी झाला, भाची झोपली. मी मात्र जागी राहिले. हे पुस्तक मी आतापर्यंत तीन मुलांना वाढदिवसाला भेट दिलंय. ‘शेअरिंग’ शिकवणारं छान पुस्तक म्हणून. तिन्ही वेळा मला एकदाही प्रश्न पडला नव्हता, की खवला म्हणजे नक्की काय? टिकली? स्टिकर? की कातडी?

पुस्तकाचं नाव ‘द रेनबो फिश’. मार्कस फिस्टर हा स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा चित्रकार. त्याने ते मूळ जर्मनमध्ये केलं आणि १९९२ साली ते बाहेर आलं. त्यानंतर ते जगभर गेलं. प्रकाशकांच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या तीन कोटींहून जास्त प्रती खपल्यात. चित्रं जलरंगातली आहेत. निळे, हिरवे, जांभळे रंग ओल्या कागदावर एकमेकांत पसरत गेलेले, त्यामुळे पान बघताना खरोखर पाण्यात उतरल्यासारखं वाटतं. पण पुस्तक ओळखलं जातं ते दुसऱ्याच कारणासाठी. त्या माशाचे काही खवले चकाकत्या फॉइलचे आहेत. मिठाईवरच्या वर्खासारखे. पुस्तक तिरकं केलं की त्यांच्यात सप्तरंग हलतात. मुलं हे पुस्तक आधी वाचत नाहीत, आधी बोटाने चोळतात.

गोष्ट लहान आहे. समुद्रातला सगळ्यात सुंदर मासा. बाकीचे मासे त्याचं रूप बघून थक्क होतात, त्याला खेळायला बोलावतात. तो ताठ्यात पुढे निघून जातो. एक दिवस छोटा निळा मासा त्याच्याकडे एक खवला मागतो. तुझ्याकडे एवढे आहेत, एक मला दे. रेनबो फिश त्याच्यावर खेकसतो आणि त्याला हाकलून देतो. निळा मासा ही हकिकत मित्रांना सांगतो. त्या दिवसापासून सगळे त्याच्याकडे पाठ फिरवतात. एकटा पडलेला मासा तारामाशाला विचारतो, तारामासा त्याला गुहेतल्या शहाण्या ऑक्टोपसकडे पाठवतो. ऑक्टोपसचा सल्ला सरळ आहे. प्रत्येक माशाला तुझा एकेक खवला दे. मग तू सगळ्यात सुंदर राहणार नाहीस, पण सुखी कसं व्हायचं ते तुला कळेल. मासा आधी कचरतो. मग एक खवला देतो, मग दुसरा, मग वाटतच सुटतो. शेवटी त्याच्याकडे एकच चकाकता खवला उरतो. सगळे त्याला खेळायला बोलावतात आणि तो आनंदाने जातो.

या पुस्तकावर इंग्रजीत भरपूर टीका झालीय. ते साम्यवाद शिकवतं, असं काही जण म्हणतात. ते मैत्री विकत घ्यायला शिकवतं, असं काहींचं म्हणणं आहे. पहिली टीका मला फारशी पटत नाही. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने द्यावं, यात मुलांनी शिकू नये असं काहीच नाही. दुसरी टीका खरी आहे, पण ती अर्ध्यावर थांबते. माझ्या मते गडबड शेवटी होतच नाही. गडबड होते ती आपण पहिलं पान विसरतो म्हणून.

पहिल्या पानावर परत जाऊन बघा. बाकीचे मासे त्याच्याकडे काय मागतात? काहीच नाही. ते त्याला फक्त खेळायला बोलावतात. या आमंत्रणाला तिकीट नाही. त्याने अंगावरचा एकही खवला न काढता मान हलवली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याचा दोष हा, की तो गेला नाही. पुढे दुसरा दोष असा, की त्याने एका लहान माशाला हाडतुड केलं. दोन्ही दोष खरे आहेत, आणि दोन्ही त्याच्या स्वभावाचे आहेत. अंगावर किती खवले चमकतात याचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

मग यावर उतारा काय? आपल्या घरात असं झालं असतं तर आजी म्हणाली असती, “जा, आधी त्याची माफी माग. आणि खेळायला जा, किती वेळ एकटा बसशील?” ऑक्टोपस यातलं काही म्हणत नाही. निळ्या माशाशी कसं बोललास, असं तो विचारत नाही. पुस्तकभर रेनबो फिश कुणाची माफी मागत नाही. तो थेट भरपाई देतो. उद्धटपणे ‘नाही’ म्हणणं आणि नुसतं ‘नाही’ म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तक त्यांची एकच मोळी बांधतं. त्यामुळे ऐकणाऱ्या मुलापर्यंत काय पोचतं? ‘नीट बोल’ हे पोचत नाही. पोचतं ते हे, की ‘नाही’ म्हटलंस तर सगळे निघून जातील.

हे मी जरा चिडून लिहितेय, त्याला कारण आहे. चौथीत असताना मामाने मला मस्कतहून एक कंपासपेटी आणली होती. चुंबकाने बंद होणारी, दोन मजली, आणि वरच्या कप्प्यात फळांच्या आकाराची आठ सुगंधी खोडरबरं. वर्गात मधल्या सुट्टीत गोल करून डबा खाणाऱ्या मुलींचा एक गट होता. मला त्यात बसायचं होतं. एकीने स्ट्रॉबेरी मागितली, मी दिली. त्या दिवशी मला जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी दुसरीने संत्रं मागितलं. आठवड्याभरात माझ्याकडे एक केळं उरलं. बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझं कौतुक केलं. बघा, हिच्यासारखं वाटून घ्यायला शिका. मला खूप बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? पण दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या गटात नव्या वस्तूंची चर्चा होती, आणि माझ्याकडे नवीन काही नव्हतं. ज्या गोलात मी बसत होते, तो गोल आता माझ्याशिवाय पूर्ण होत होता.

त्या मुली वाईट नव्हत्या. नऊ वर्षांच्या होत्या. माझाही त्यांच्यावर राग नाही. पण पुढे बरीच वर्षं कुणी नोट्स मागितल्या, पैसे मागितले, रविवार मागितला, तरी माझ्या तोंडून ‘नाही’ निघायचं नाही. मी स्वतःला उदार समजत होते. खरं तर मी आठवं खोडरबर हातात धरून बसले होते.

भाचीला वाचून दाखवताना मी इंग्रजी पुस्तक मराठीत सांगत होते. ‘शेअर’ या शब्दापाशी मी अडखळले. आपण सगळे बिनधास्त ‘शेअर कर’ म्हणतो. सोसायटीच्या बागेत पाच मिनिटं उभं राहा, दहा वेळा ऐकू येईल. पण मराठीत सांगायचं तर आधी ठरवावं लागतं, की नक्की काय करायचंय. झोपाळ्यावर पाळीपाळीने बसायचं. रंगपेटी उसनी द्यायची, ती संध्याकाळी परत येते. लाडू अर्धा अर्धा करायचा. जुना फ्रॉक देऊन टाकायचा. या चारही गोष्टी लहान मुलासाठी पूर्ण वेगळ्या आहेत. झोपाळा परत मिळतो, खडू थोडा झिजून परत येतो, लाडू निम्मा होतो, फ्रॉक जातो तो जातोच. मोठी माणसं या सगळ्याला एकच शब्द वापरतात, आणि मूल रडलं की म्हणतात, एवढं काय त्यात, शेअर तर करायचंय! रेनबो फिशचा खवला यातल्या शेवटच्या प्रकारातला आहे. तो परत येणार नाही. आणि पुस्तक त्याला पहिल्या प्रकारासारखं हलकं करून सांगतं.

मराठीत ‘वाटणं’ या क्रियापदाची मला फार गंमत वाटते. वाटून देणं तेही वाटणंच, आणि मनात काही वाटणं तेही वाटणंच. भाषेने हे मुद्दाम केलं नसेल, पण योगायोग चांगला आहे. आतून वाटलं तर वाटावं.

आणि आतून वाटलेलं वाटणं कसं असतं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. चिमणीच्या दातांनी फोडलेली कैरी. फ्रॉकच्या किंवा शर्टाच्या टोकात कैरीची फोड धरायची, वरून कचकन चावायचं, म्हणजे उष्टी होत नाही. एक तुकडा तुला, एक मला. मीठ-तिखट एकाच कागदावर. त्यात कुणी दाता नसतो, कुणी याचक नसतो. दोघांचे दात एकाच वेळी आंबतात. तुकडा लहान झाला याचं दुःख होतं की नाही ते आठवत नाही, पण कैरी एकटीने खाण्यात ती मजा नव्हती एवढं नक्की आठवतं. रेनबो फिशच्या गोष्टीत असा एकही क्षण नाही, ज्यात देणारा आणि घेणारा मिळून काही करतात. सगळे रांगेत येतात, एकेक खवला घेतात, आणि खेळ त्यानंतर सुरू होतो. प्रवेशशुल्क भरल्यावर.

अजून एक गोष्ट मला खटकते. निळ्या माशाला खवल्याची गरज काय होती? काहीच नाही. त्याला हौस होती. हौस वाईट नाही, पण हौसेला नकार दिला म्हणून अख्ख्या समुद्राने बहिष्कार टाकावा? आपल्याकडे मुलांना बहुधा सगळ्यात आधी सांगितली जाणारी गोष्ट आठवा, चिऊ-काऊची. शेणाचं घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घराच्या दाराशी उभा असतो. त्याला खरी गरज आहे. चिमणी आतून सबबी सांगत राहते आणि आपण सगळे खुदुखुदू हसतो. तिच्यावर कुणी बहिष्कार टाकत नाही. ही गोष्ट काही दयाळू नाही, काही घरांत तर बिचाऱ्या कावळ्याला शेवटी चटकाही बसतो. पण तिच्यात पाऊस आहे. कुणी का मागतंय हे मुलाला दिसतं. ऐकता ऐकता एखादं मूल मध्येच म्हणतं, उघड ना गं दार! हे ‘उघड ना’ आतून येतं, ऑक्टोपसच्या सल्ल्याने येत नाही.

भाचीच्या प्रश्नाकडे परत येते. दुखलं का?

अंगावरचं काढून देण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. कर्णाची कवचकुंडलं आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीत. जन्मासोबत आलेलं कवच. ते मागायला ब्राह्मणाच्या वेषात इंद्र आला. हा इंद्र आहे हे कर्णाला माहीत होतं, तरी त्याने अंगावरून कवच सोलून दिलं. ही दानाची मोठी कथा मानली जाते. पण ती सांगताना कुणी काही लपवत नाही. मागणारा कपटाने आलाय, हे आपल्याला आधीच सांगितलेलं असतं. अंग रक्तबंबाळ होतं. कर्णही त्या बदल्यात इंद्राकडून शक्ती मागून घेतो. आणि या दानाची किंमत त्याला पुढे रणांगणावर मोजावी लागते. मुलाला ही कथा ऐकताना भीती वाटते, वाईट वाटतं, इंद्राचा राग येतो. दान मोठं वाटतं तेही त्यामुळेच. दुखलं का, असं इथे विचारावंच लागत नाही.

फिस्टरच्या पुस्तकात रक्त यावं असं माझं म्हणणं नाही. ते चार वर्षांच्या मुलांसाठी आहे. पण त्या वयाच्या मुलांनाही किंमत सांगता येते. त्यासाठी दुसरं एक पुस्तक बघू. लिओ लिओनी हा अॅमस्टरडॅममध्ये जन्मलेला, इटलीत आणि अमेरिकेत राहिलेला चित्रकार. त्याचं ‘टिको अँड द गोल्डन विंग्ज’ १९६४ साली आलं, म्हणजे रेनबो फिशच्या २८ वर्षं आधी. गोष्ट जवळजवळ तीच वाटेल. टिको हा पंख नसलेला पक्षी. त्याचे मित्र त्याला फळं आणून भरवतात. एक दिवस त्याला सोन्याचे पंख मिळतात, आणि तेच मित्र म्हणतात, तू स्वतःला आमच्यापेक्षा मोठा समजतोस. ते उडून जातात. टिको एकटा पडतो.

इथून पुढे मात्र लिओनी वेगळी वाट धरतो. टिकोला टोपल्या विणणारा एक गरीब माणूस भेटतो. त्याचं मूल आजारी आहे आणि औषधाला पैसे नाहीत. टिको त्याला सोन्याचं एक पीस देतो. त्या पिसाच्या जागी काळं, रेशमासारखं मऊ पीस उगवतं. मग तो कुणा बाहुल्यांच्या खेळवाल्याला, कुणा म्हातारीला, समुद्रात वाट चुकलेल्या कोळ्याला पिसं देत जातो. म्हणजे तो ज्यांना देतो ते त्याचे मित्र नव्हेत, आणि त्या देण्यातून त्याला मैत्री मिळवायचीही नाही. समोर गरज दिसली म्हणून तो देतो. सगळे पंख काळे झाल्यावर तो मित्रांकडे परततो. आता तू आमच्यासारखा झालास, असं म्हणून ते खूश होतात. टिकोही खूश होतो. पण त्याला मनात ठाऊक असतं, की आपण सगळे सारखे नाही. प्रत्येकाच्या आठवणी वेगळ्या, प्रत्येकाची न दिसणारी सोनेरी स्वप्नं वेगळी.

हे शेवटचं वाक्य लिओनीने लिहिलं नसतं, तर टिकोची गोष्टही रेनबो फिशसारखीच झाली असती. सारखं होणं म्हणजे सुख, असं मित्र म्हणतात. टिको त्यांच्याशी भांडत नाही, पण मनातून ते मान्यही करत नाही. वाचणाऱ्या मुलाला तेवढी फट पुरते. त्याच वर्षी आलेल्या शेल सिल्व्हरस्टीनच्या ‘द गिव्हिंग ट्री’मध्येही अशी फट आहे. झाड फळं देतं, फांद्या देतं, खोडही देऊन टाकतं. दर वेळी ते सुखी झालं असं लेखक सांगतो, आणि खोड गेल्यावर मात्र स्वतःच त्यावर शंका घेतो. रेनबो फिशमध्ये शंकेला जागाच नाही. जितकं दिलं तितका आनंद वाढला, हिशोब पूर्ण.

आणि त्या हिशोबात चूक आहे, हे बहुधा फिस्टरलाही जाणवलं असावं. १९९५ मध्ये त्याने पुढचा भाग काढला, ‘रेनबो फिश टू द रेस्क्यू’. त्यात चकाकत्या खवल्यांचे सगळे मासे मिळून खेळत असतात. एक छोटा पट्टेरी मासा येतो आणि मलाही घ्या म्हणतो. त्याला सांगितलं जातं, तुझ्याकडे चकाकता खवला नाही, तुला घेणार नाही. खुद्द रेनबो फिशही सुरुवातीला त्याची बाजू घेत नाही. मग शार्क येतो, पट्टेरी मासा संकटात सापडतो, सगळे त्याला वाचवतात आणि शेवट गोड होतो. पण बघा काय झालं! पहिल्या पुस्तकात खवला म्हणजे प्रेमाची भेट होती. दुसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो क्लबचा बिल्ला झालाय. ज्यांना तो फुकट मिळाला, तेच आता दाराशी उभे राहून तो तपासतायत. माझ्या मते पहिल्या पुस्तकावरची सगळ्यात चांगली टीका हीच आहे, आणि ती लेखकाने स्वतः लिहिली.

रेनबो फिश आलं त्याच १९९२ साली शिकागोतल्या बालवाडीच्या एका शिक्षिकेचं, व्हिव्हियन पेलीचं, एक छोटं पुस्तक आलं. तिच्या वर्गात काही मुलं रोज ठरवायची, आज कुणाला खेळायला घ्यायचं आणि कुणाला नाही. तिने एक नियम करायचं ठरवलं. ‘तू खेळायचं नाहीस’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. नियम लावण्याआधी ती मोठ्या वर्गांतल्या मुलांना विचारत फिरली. त्यांचं म्हणणं साधारण असं पडलं, की नियम योग्य आहे पण चालणं कठीण. तिने तरी तो लावला.

हा नियम मी ऑक्टोपसच्या सल्ल्याशेजारी ठेवून बघते. ऑक्टोपस एकट्या पडलेल्याला सांगतो, काहीतरी दे, म्हणजे तुला घेतील. पेली बाकीच्यांना सांगते, त्याला घ्या. आधी घ्या. खेळ ही काही कुणाच्या मालकीची वस्तू नाही. आणि आत जायला किंमत मोजावी लागत नाही हे कळल्यावर मूल जे देईल, ती खरी भेट असेल. माझ्या चौथीच्या वर्गात हा नियम असता, तर मी स्ट्रॉबेरी कदाचित दिलीही असती. पण ती मला आवडलेल्या मुलीला दिली असती.

दिल्याने मुलांना आनंद होतो का? होतो, आणि याबाबत फिस्टर बरोबर आहे. लारा अक्निन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कॅनडात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन वर्षांच्या आतली मुलं खाऊ मिळाल्यापेक्षा खाऊ देताना जास्त खुललेली दिसली, आणि स्वतःच्या वाट्यातला देताना तर आणखी. पण दुसऱ्या वर्षी चेर्न्याक आणि कुशनीर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांना असं दिसलं, की ज्या मुलांना स्टिकर स्वतःकडे ठेवण्याची मोकळीक होती आणि तरी ज्यांनी तो उदास बाहुल्याला दिला, ती मुलं पुढच्या वेळी जास्त वाटतात. ज्यांना दुसरा पर्यायच नव्हता, ती कमी. म्हणजे ‘नाही’ म्हणायची सोय असेल, तरच ‘हो’ मुरतं.

टोरंटोतल्या संशोधकांनी २०१७ साली चित्रपुस्तकांवरच प्रयोग केला. वाटून घेण्याचीच एक गोष्ट काही मुलांना प्राण्यांच्या चित्रांसह वाचून दाखवली, काहींना माणसांच्या. माणसांची पात्रं असलेलं पुस्तक ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर वाटले. प्राण्यांच्या पुस्तकाने तसं काही झालं नाही. मला यावरून प्राण्यांची पुस्तकं वाईट असा निष्कर्ष काढायचा नाही, मग लिओनीलाही कपाटाबाहेर काढावं लागेल. पण चित्रपुस्तक म्हणजे संस्काराचं औषध, एक वाचलं की एक गुण उतरला, असं मानणाऱ्या आपल्यासारख्या मावश्या-काकांनी जरा दमानं घ्यायला हरकत नाही.

इतकं बोलून झाल्यावर या पुस्तकातलं एक पान मात्र मला मनापासून आवडतं, ते सांगायला हवं. निळ्या माशाला खवला मिळतो आणि तो खुशीत इकडून तिकडे सुळकन पोहत राहतो, त्याच्या निळ्या अंगावर तो एकच ठिपका चमकतोय. रेनबो फिश नुसता बघत राहतो. आजवर सगळे त्याला बघत होते, आता तो पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला चमकताना बघतोय, आणि त्याला आत काहीतरी वेगळंच होतं. इथे ऑक्टोपस नाही, एकटेपणाची भीती नाही, मैत्रीचा भाव नाही. दुसऱ्याच्या अंगावर आपला रंग छान दिसतोय, एवढंच. तिथे दोन पानं थांबायला हवं होतं. पण लगेच बाकीचे सगळे येऊन घेराव घालतात आणि वाटप सुरू होतं.

आणि वर्खाचं काय? गंमत अशी, की चमक सोडायला सांगणारं हे पुस्तक चमकेमुळेच हातात घेतलं जातं. शेवटच्या पानावर माशाकडे एकच खवला उरतो, पण मूल पुस्तक बंद करून पुन्हा मुखपृष्ठावर बोट फिरवतं, जिथे सगळे खवले अजून त्याच्या अंगावर आहेत. मुलांना कोणता मासा आवडलाय, हे त्यांचं बोट सांगतं.

दोन दिवसांनी भाचीने तेच पुस्तक परत आणलं. या वेळी मी पहिल्याच पानावर थांबले. म्हटलं, “हे सगळे त्याला खेळायला ये म्हणतायत. तू असतीस तर?”

“गेले असते.”

“आणि खवले?”

“ते माझ्या अंगावरच ना.” मग थोडा विचार करून, “खाली खोल अंधार असतो ना, तिकडे गेलो असतो. मी पुढे, सगळे मागे मागे. माझा उजेड पडला असता.”

आम्ही त्या दिवशी पुढची पानं उलटलीच नाहीत. ती पलंगाखाली शिरली, तिथे खोल समुद्र होता, आणि मला मागे मागे रांगत जावं लागलं.

चौथ्या मुलाला हे पुस्तक भेट देईन का? देईन बहुतेक. त्यातलं पाणी सुंदर आहे. फक्त वाचून दाखवणाऱ्याला सांगेन, पहिल्या पानावर जरा थांब. आणि मुलाने विचारलं की त्याला दुखलं का, तर हो म्हण.